फाईलमधली ती एक ओळ

पत्र असं आहे:

“ताई, माझे सासरे अण्णा, वय ६७. चौदा महिन्यांपूर्वी त्यांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. गाठ डाव्या बाजूला खाली, ३० सेंटीमीटरवर होती. आसपासच्या सोळा लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) तपासल्या, त्यातल्या दोनमध्ये कॅन्सर निघाला. मग सहा महिने केमो. आता वजन भरून आलंय, सकाळी सुरसागरला फेरी मारून येतात. सीईए, म्हणजे कॅन्सरचा माग काढायला रक्तात मोजतात तो आकडा, ऑपरेशनआधी १४ होता, नंतर १.९, २.४, २.२ असा आला आणि गेल्या आठवड्यात एकदम ६.३. ही शेवटची तपासणी दुसऱ्या एका लॅबच्या पॅकेजमध्ये केली होती. तेव्हापासून माझे मिस्टर म्हणतात पेट स्कॅन करू, आणि यापुढे दर तीन महिन्यांनी करत राहू. डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी लिहून दिलीय, पण अण्णा म्हणतात, गाठ मुळासकट काढली ना, मग परत दुर्बीण कशाला? पहिल्या वेळी दुर्बीण गाठीपलीकडे गेलीच नव्हती आणि फार दुखलं होतं, ते अजून विसरले नाहीत. सासूबाई रोज गव्हांकुराचा रस देतात. मी सगळ्यांच्या मध्ये. कुणाचं ऐकू? लेकीसारखी समजून सांगा. – एक सून, दांडिया बाजार, बडोदे”

प्रिय लेकी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा माझंही लक्ष तुझ्यासारखंच त्या ६.३ वर खिळलं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका ओळीपाशी थांबले. अण्णांचं दुखणं सांगण्याच्या ओघात तू ती लिहून गेलीस: पहिल्या वेळी दुर्बीण गाठीपलीकडे गेलीच नव्हती. नोकरीतली सव्वीस वर्षं मी एंडोस्कोपीच्या खोलीत सिस्टर म्हणून काढली आहेत. माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे. म्हणून आधी तिच्याबद्दल बोलू.

मोठं आतडं साधारण पाच फूट लांब असतं. अण्णांच्या गाठीने वाट इतकी अडवली होती की दुर्बीण एक फुटावरच थांबली. ऑपरेशनमध्ये गाठ आणि तिच्या दोन्ही अंगांचं थोडं आतडं काढलं असेल. त्याच्या वरचं, म्हणजे निम्म्याहून जास्त आतडं आजवर आतून कुणीच पाहिलेलं नाही. तुम्ही म्हणाल, सीटी स्कॅन तर केला होता. पण पोटाच्या साध्या सीटीत मोठी गाठ दिसते, वाटाण्याएवढा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवर उगवणारा मांसाचा लहान कोंब, दिसत नाही. आणि ऑपरेशनच्या वेळी सर्जनने आतडं बाहेरून चाचपलं तरी इतका लहान पॉलिप बोटांना लागत नाही.

आतड्याच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांपैकी साधारण तीन ते पाच जणांना त्याच वेळी आतड्यात दुसऱ्या ठिकाणीही कॅन्सर असतो. पॉलिप तर याहून कितीतरी जास्त जणांत सापडतात. ऑपरेशननंतर पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्यांना ‘नवी’ गाठ निघाली असं आपण ऐकतो, त्यांतल्या बऱ्याच गाठी खरं तर आधीपासून असतात आणि तेव्हा नजरेतून सुटलेल्या असतात. म्हणून नियम असा आहे की ऑपरेशनआधी आतडं पूर्ण पाहता आलं नसेल तर ऑपरेशननंतर तीन ते सहा महिन्यांत ते पाहून घ्यायचं. ज्यांचं आधी पूर्ण पाहून झालेलं असतं त्यांनाही वर्षभराने पुन्हा बोलावतात. अण्णांच्या बाबतीत या दोन्ही तारखा उलटून गेल्या. केमो चालू असताना हे राहून जातं, मी अनेक घरांत पाहिलंय. कुणाची चूक ते शोधत बसू नका. पण आता पुढच्या महिन्यावरही ढकलू नका.

घरात हे समजावताना एक गोष्ट वेगळी काढून सांग. ऑपरेशननंतरची देखरेख दोन कामं करते आणि घरोघरी ती दोन्ही एकच समजली जातात. पहिलं काम म्हणजे जुना कॅन्सर कुठे परततोय का ते बघणं. आतड्याचं रक्त आधी यकृतात जातं. त्यामुळे तिथून निसटलेल्या पेशी बहुतेक वेळा यकृतात आणि त्यानंतर फुप्फुसात बस्तान मांडतात. त्यासाठी रक्तातला सीईए आणि छाती-पोटाचा सीटी असतो. दुसरं काम म्हणजे उरलेल्या आतड्यात नवं काही उगवतंय का ते बघणं. ते सीईएला जमत नाही, सीटीला नीट जमत नाही आणि पेटच्याही भरवशावर सोडता येत नाही. ते दुर्बिणीचं काम. आणि या सगळ्या तपासण्यांत दुर्बीणच अशी आहे की सापडलेलं तिथल्या तिथे काढूनही टाकते. साध्या पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारणपणे दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. त्याआधी तारेच्या फासात धरून तो काढला की तिथे होऊ शकणारा कॅन्सर होतच नाही. अण्णा म्हणतात गाठ मुळासकट काढली, ते खरंच आहे. पण ज्या आतड्यात एक गाठ वाढली, त्याच आतड्याचा बाकीचा भाग अजून त्यांच्या पोटात आहे.

आता तो ६.३.

सीईए हे एक प्रथिन आहे. माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये ते शोधलं. पोटातल्या बाळाच्या आतड्यात ते तयार होतं, जन्मानंतर जवळजवळ थांबतं आणि काही कॅन्सरच्या पेशी ते पुन्हा बनवायला लागतात. सगळ्या गाठी बनवत नाहीत. अण्णांची गाठ मात्र बनवणारी होती, कारण आधी १४ असलेला आकडा ऑपरेशननंतर १.९ वर आला. याचा अर्थ त्यांच्यासाठी ही तपासणी कामाची आहे, आणि म्हणूनच ६.३ कडे दुर्लक्ष करायचं नाही. पण त्या एका आकड्याने झोपही उडवून घ्यायची नाही. वेगवेगळ्या लॅबची यंत्रं आणि किट वेगळी असतात, त्यामुळे एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही. शिवाय सीईए कॅन्सरशिवायही थोडा वाढतो. यकृताला सूज असेल, फुप्फुसाचा आजार असेल, स्वादुपिंड बिघडलेलं असेल तर वाढतो. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांचा तर एरवीही जरा वरच असतो. अण्णा ओढत असतील, किंवा सोडलेली पुन्हा सुरू केली असेल, तर ते डॉक्टरांना कळायला हवं. न रागावता विचार.

करायचं एवढंच: ज्या लॅबमध्ये आधीचे तीन रिपोर्ट झाले तिथेच पुन्हा रक्त द्यायचं. किती दिवसांनी ते तुमचे कॅन्सरचे डॉक्टर सांगतील, त्यांना हा रिपोर्ट आजच दाखवा. आकडा पुन्हा दोन-अडीचवर आला तर ठीक, राहून गेलेली कोलोनोस्कोपी मात्र तरीही करायचीच. तिथेही वाढलेला निघाला, चढतच राहिला, तर लगेच छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी, आणि कोलोनोस्कोपी. त्यात काहीच दिसलं नाही आणि आकडा तरी चढतोय, अशा वेळी डॉक्टर पेट स्कॅनचा विचार करतात. पेटची जागा तिथे आहे, रांगेत शेवटी. तुझ्या मिस्टरांना तो पहिल्या नंबरावर हवाय.

त्यांच्यावर हसू नको आणि चिडूही नको. बापासाठी सगळ्यात महाग तपासणी केली की आपण सगळं केलं असं मुलांना वाटतं, त्यात मायाच असते. पण त्यांना हे सांग. पेटमध्ये किरणोत्सारी साखर शिरेतून देतात आणि शरीरात ती कुठे जास्त शोषली जाते ते पाहतात. जंतुसंसर्ग असो, सूज असो, भरत आलेली जखम असो, तिथेही साखर जास्त जाते. मग एखादा डाग चमकतो, त्याच्या मागे बायोप्सी, बायोप्सीच्या रिपोर्टपर्यंत घरभर अन्न गोड लागत नाही, आणि शेवटी काहीच निघत नाही. उलट लहान गाठ असली तर चमकेलच याची खात्री नाही. म्हणून नेहमीच्या देखरेखीसाठी पेट सुचवत नाहीत.

जास्त तपासण्या म्हणजे जास्त सुरक्षा, हा हिशेबही बरोबर नाही. स्वीडन, डेन्मार्क आणि उरुग्वे इथल्या २,५०९ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांचे सीटी आणि सीईए पहिल्या तीन वर्षांत पाच वेळा केले, बाकीच्यांचे फक्त दोन वेळा. पाच वर्षांनी मृत्यूचं प्रमाण पहिल्या गटात १३.० टक्के आणि दुसऱ्यात १४.१ टक्के होतं. इतका फरक योगायोगानेही पडतो, असं संशोधकांनी मांडलं. यातून तपासण्या सोडून द्या असा अर्थ मात्र काढायचा नाही. आतड्याचा कॅन्सर हा असा कॅन्सर आहे की यकृतात एक-दोन ठिकाणी परतला तरी वेळेत कळल्यास काही जणांत ऑपरेशनने पूर्ण काढता येतो. त्यासाठीच वेळापत्रक आहे: पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची भेट आणि सीईए, नंतर पाच वर्षांपर्यंत सहा-सहा महिन्यांनी, सीटी सहा ते बारा महिन्यांतून एकदा. परत येणारे बहुतेक कॅन्सर पहिल्या तीन वर्षांत परततात, म्हणून सुरुवातीला तारखा जवळजवळ असतात. ते पाळा. त्याच्या पलीकडे दर तीन महिन्यांचा पेट नको. त्या पैशांत अण्णांची कोलोनोस्कोपी चांगल्या ठिकाणी, भूल देऊन, सावकाश होईल.

आता खरा अवघड भाग. अण्णा.

त्यांना दुखलं होतं, कारण आतली वाट बंद झालेली होती आणि दुर्बीण तिथे ढकलून बघावी लागली. आता ती अडचण कापून काढलेली आहे. हे त्यांना कुणी सांगितलंय का? मला शंका आहे. शिवाय या वेळी शिरेतून झोपेचं औषध द्या असं आधीच सांगून ठेवता येतं. तपासणी साधारण अर्ध्या तासाची, आणि बहुतेकांना जाग आल्यावर “झालं का?” असं विचारावं लागतं.

पण दुखण्याच्या आड आणखी एक गोष्ट असते. ती सासरा सुनेला सांगत नाही आणि मुलालाही सांगत नाही. लाज. मागून उघडा असलेला तो गाऊन, गुडघे पोटाशी घेऊन एका कुशीवर झोपायचं, आणि खोलीत दोन-तीन बायका. साठी-सत्तरीचे, देवघरातून उठून आलेले, कडक इस्त्रीचा सदरा घातलेले गृहस्थ मी त्या टेबलावर डोळे घट्ट मिटून घेताना पाहिलेत. आम्ही अंगावर चादर टाकायचो आणि लागेल तेवढीच बाजूला करायचो. मग त्यांचा श्वास जरा सैल व्हायचा. म्हणून हा विषय तू काढू नकोस. तुझ्या मिस्टरांना काढू दे, आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर नको. सुरसागरच्या फेरीत, दोघंच असताना. त्यांनी एवढंच विचारावं: “अण्णा, चादर घालायला सांगू का? खोलीत पुरुष अटेंडंट असू दे म्हणू का?” अशी विनंती आधी केली तर बहुतेक ठिकाणी मानतात. “आमच्यासाठी करा” असं म्हणू नका, त्याने माणूस आणखी आखडतो. फाईल उघडून पहिल्या दुर्बिणीच्या रिपोर्टमधली ती ओळ, दुर्बीण गाठीपलीकडे गेली नाही ही, त्यांना स्वतःला वाचू दे. हिशेबाचा माणूस असेल तर पाच फुटांपैकी एकच फूट पाहिलाय, हे त्याला कळेल.

होकार मिळाला की पुढचं काम तुझं. त्या खोलीत फुकट गेलेल्या तपासण्या मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक पोट साफ नसल्यामुळे फुकट गेल्या. दुर्बीण कितीही चांगली असो, भिंतीला मळ चिकटलेला असेल तर खालचा पॉलिप दिसत नाही, आणि माणसाला सगळं पुन्हा करावं लागतं. अण्णांना दुसऱ्यांदा तयार करणं किती अवघड जाईल ते तुला माहीत आहे.

तीन दिवस आधीपासून चोथा बंद. बडोद्यात हे पाळणं कठीण, कारण इथला नाश्ताच चोथ्याचा. सेव-उसळ नाही, त्यातल्या वाटाण्याची सालं दुर्बिणीच्या नळीत अडकतात. लीलो चेवडो नाही. तीळ, खसखस, शेंगदाणे, टोमॅटो-काकडीच्या बिया, डाळिंब, पेरू, पालेभाज्या, ज्वारी-बाजरी, काही नाही. मऊ भात, गाळलेलं वरण, साल काढून उकडलेला बटाटा, मैद्याचा पाव, इडली, दही चालतं. मधे एकादशी आली तर साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचा कूट घालू नका. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि पारदर्शक: लिंबू सरबत, गाळलेलं नारळपाणी, डाळीवरचं निवळ पाणी, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत मात्र नाही, गुलाबाचंही नाही. लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो.

मग पावडर. सहसा ती दोन लिटर पाण्यात कालवून प्यायची असते. सगळी आदल्या रात्री संपवायची की निम्मी रात्री आणि निम्मी पहाटे, हे तुम्हाला लिहून देतील. निम्मी पहाटे घेतली तर आतडं जास्त स्वच्छ राहतं, म्हणून तसं चालेल का ते विचारून घे. चव खारट, तेलकट. फ्रीजमध्ये गार करून ठेव, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला, मधे लिंबाची फोड चोखायची. शेवटी संडासला पिवळसर, लघवीसारखं स्वच्छ पाणी पडायला लागलं की आतडं तयार. तपकिरी गढूळ पडत असेल तर निघण्याआधी फोन करून सांगा. बाथरूमच्या दाराशी दिवा चालू ठेव, अण्णांना रात्री चार-पाचदा उठावं लागेल आणि या वयात घाईत पडण्याची भीती असते.

औषधांचं आधी विचारा. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवतात, त्यांनी आतड्यात काळा थर बसतो. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंदही करायची नाही आणि चालूही ठेवायची नाही. डायबिटीसच्या गोळ्या-इन्सुलिनचं उपाशीपोटी गणित बदलतं. त्या दिवशी अण्णांनी स्कूटर चालवायची नाही, सोबत कुणीतरी हवंच. आणि तपासणीनंतर पोटात जोरात दुखलं, ताप आला किंवा ताजं रक्त पडलं तर तसंच परत जायचं. असं क्वचित होतं, पण घरी बसून वाट पाहायची नसते.

रिपोर्ट हातात आला की एक गोष्ट तपास: दुर्बीण पार शेवटपर्यंत, जिथे लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथपर्यंत गेली का, आणि पोट किती साफ होतं. दोन्ही लिहिलेलं असायला हवं. सगळं स्वच्छ निघालं तर पुढची कोलोनोस्कोपी बहुधा तीन वर्षांनी आणि त्यानंतरची पाच वर्षांनी. मोठा किंवा वेगळ्या जातीचा पॉलिप निघाला तर लवकर बोलावतील.

सासूबाईंच्या गव्हांकुराबद्दल फार लिहीत नाही. रस देतात तर देऊ देत, तपासणीआधीचे तीन दिवस बंद ठेवा आणि डॉक्टरांना माहीत असू द्या. त्याच्या भरवशावर एकही तारीख चुकवू नका, एवढंच.

त्यापेक्षा अण्णांची फेरी मोठी करा. केमो संपलेल्या, त्यांच्यासारख्याच रुग्णांवरचा एक अभ्यास २०२५ मध्ये आला. ८८९ जण होते, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. निम्म्यांना तीन वर्षं नेमाने व्यायाम करवला, बाकीच्यांना फक्त माहितीपत्रक दिलं. पाच वर्षांनी व्यायाम करणाऱ्यांपैकी ८०.३ टक्के जण कॅन्सरमुक्त होते, दुसऱ्या गटात ७३.९ टक्के. ते वाचून मला फार आनंद झाला, कारण याला ना लॅब लागते ना सुई. सुरसागरची रमतगमत फेरी त्यात बसणार नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस पाऊण ते एक तास झपझप, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. कमाटी बागेत सकाळी गर्दी व्हायच्या आत जा. केमोमुळे पायाला मुंग्या येत असतील तर बूट घट्ट बसणारे आणि तळ न घसरणारे घ्या.

आता तुझ्या मिस्टरांची गोष्ट, जी पत्रात कुठेच नाही. त्यांचं वय तू लिहिलं नाहीस, पण अण्णा ६७ चे म्हणजे ते चाळिशीच्या आसपास असावेत. वडिलांना आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर मुलांनी आणि भावंडांनी चाळिसाव्या वर्षापासून स्वतःच्या तपासणीचं बघायचं असतं, कुठलाही त्रास नसला तरी. नणंदांनाही हेच लागू आहे. अण्णांच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये ‘एमएमआर’ असं काही लिहिलंय का ते शोधा. पेशींतल्या डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा नीट आहे का, ते ही तपासणी सांगते. नसेल तर पॅथॉलॉजीत जपून ठेवलेल्या तुकड्यावर ती तपासणी अजूनही करता येते. ती यंत्रणा बिघडलेली निघाली, किंवा अण्णांच्या भावाबहिणींत कुणाला पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर हा घराण्यात उतरणारा प्रकार असू शकतो. मग मुलांच्या तपासण्या बऱ्याच आधी आणि वर्षा-दोन वर्षांनी करायच्या असतात. हा प्रश्न सासूबाईंना विचार, अशा जुन्या गोष्टी त्यांनाच आठवत असतील.

तेव्हा अण्णांच्या तारखेसाठी दोघं जाल, त्या दिवशी मिस्टरांच्या नावाचाही एक केसपेपर काढ. आणि अण्णांना सांग की मुलगाही त्याच टेबलावर झोपणार आहे.